मेहनती जात, म्हणे

शनिवारी ऑफिसात तुझ्याबद्दल पहिल्यांदाच सगळे चांगलं बोलले, एमेका, आणि मला एकेकाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

तू बुधवारी गेलास. इथे बहरीनमध्ये गुरुवार-शुक्रवार सुट्टीचे, म्हणून शोकसभा शनिवारी. सकाळी साडेसातला मॅनेजरांनी सगळ्यांना पॅन्ट्रीपाशी उभं केलं. दोन मिनिटं स्तब्ध राहायचं होतं, ते मिनिटभरात आटोपलं, कारण फोन वाजला. फोन ठेवून मॅनेजर म्हणाले, "गेला बिचारा. काही म्हणा, मेहनती जात ती." सहा वर्षं तू या माणसाच्या केबिनचा एसी चालू ठेवलास आणि मेल्यावर तुला काय मिळालं, तर जात. नावसुद्धा घेतलं नाही. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली, सवयीने. मग चहा आला.

आपण दोघं इंग्रजी-हिंदीची खिचडी करून बोलायचो. हे मात्र मराठीत लिहितोय, कारण मला राग मराठीतच नीट येतो. तुला यातलं अक्षर कळणार नाही, पण तू तरी कुठे सगळं मला कळेल असं बोलायचास?

तू एसी टेक्निशियन, मी स्टोअरकीपर. तू नायजेरियाच्या पूर्वेकडच्या इग्बो लोकांतला, मी गुहागरकडचा. खिडकीच्या आत मी, बाहेर तू, मधे माझं रजिस्टर. तू कपॅसिटर मागायचास, मी आधी सही मागायचो. "ओगा, सही लावली की थंड हवा येते का?" असं तू रोज विचारायचास. ओगा म्हणजे साहेब. तुमच्याकडे हा शब्द चिडवायलाही वापरतात, हे मला फार नंतर समजलं, तोपर्यंत मी वर्षभर खूश होतो.

तू असतास तर शनिवारी तिथल्या तिथे भांडला असतास. शिवीपेक्षा असल्या कौतुकाचा तुला जास्त राग यायचा. मलाही तो प्रसाद मिळालाय. पहिल्याच वर्षी मी मोठ्या प्रेमाने म्हणालो होतो, तुम्ही इग्बो म्हणजे आमच्याकडच्या मारवाड्यांसारखे, रक्तातच धंदा. तू हातातला पाना खाली ठेवलास. म्हणालास, आज मेहनती म्हणतोस, हुशार म्हणतोस, उद्या आपलं बिनसलं की त्याचंच हावरट आणि लबाड करशील. शर्ट तोच, उलटा करून घातलेला. मी म्हटलं, अरे, मी चांगलंच बोलतोय. तू म्हणालास, तू माझ्याबद्दल बोलतच नाहीयेस.

आणि मग तुझ्या रक्तातल्या धंद्याची हकिगत सांगितलीस. तुमच्याकडे मुलाला लहानपणी नात्यातल्या व्यापाऱ्याकडे ठेवतात, तो काही वर्षं राबतो, शिकतो, मग मालक त्याला स्वतःचं दुकान थाटून देतो. तुला ओनित्शाच्या बाजारात मामाकडे ठेवलं होतं, मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात. गिऱ्हाईक नवा पार्ट घ्यायला यायचं आणि तू त्याचा जुनाच दुरुस्त करून परत पाठवायचास. वर्षभरात मामाने तुझं गाठोडं बांधून आईकडे रवाना केलं. बरोबर निरोप, हा मुलगा माझं दुकान बुडवील. हे सांगताना तू इतका हसलास की डोळ्यांत पाणी आलं. धंदा न जमलेला इग्बो म्हणजे तुझ्या गावात केवढी चेष्टा असेल, ते माझ्या डोक्यात तेव्हा आलंच नाही.

तुमच्याबद्दल तुमच्याच देशात काय काय म्हणतात तेही तूच सांगितलंस. पैशासाठी आईला विकतील. जिथे जातील तिथे आपल्याच माणसांची टोळी करतील. आवाज मोठा, स्वतःला सगळ्यांपेक्षा शहाणे समजणार. "एवढं सगळं मी एकट्याने कधी करायचं? मला आठ तास ड्यूटी असते," असं तू म्हणाला होतास. तुझा आवाज मात्र खरंच मोठा होता. आणि शहाणा तर तू स्वतःला समजायचासच, उगाच मेलास म्हणून खोटं कशाला बोलू?

बाब अल बहरीनच्या मागच्या बाजाराच्या गल्लीत एका शर्टासाठी तू अर्धा तास घासाघीस केलीस, तेव्हा मी चेकाळून ओरडलो होतो, बघा, आला इग्बो जागेवर. तू शांतपणे विचारलंस, मागच्या शुक्रवारी बायकोच्या साडीसाठी तू पाऊण तास घालवलास, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात? मी म्हटलं, संसार. दुकानदारसुद्धा हसला. तू नाही हसलास.

ते फॅक्स आठवतात? नायजेरियातून यायचे. कोणी मंत्री वारला, कोट्यवधी डॉलर अडकलेत, तुमचा खातेनंबर पाठवा. आखातातल्या ऑफिसांत ते तेव्हा जाहिरातींसारखे यायचे. मॅनेजर दर वेळी पॅन्ट्रीत उभे राहून मोठ्याने वाचायचे आणि वर, "एमेका, तुझा काका पुन्हा मेला रे." सगळे हसायचे. मी सगळ्यांत जोरात, कारण मी तुझा मित्र होतो आणि मित्राला हसायचा हक्क असतो असं मला वाटायचं. एकदा तू तो कागद मागून घेतलास, माझ्या खिशातलं लाल पेन काढलंस, सगळ्या चुका दुरुस्त केल्यास आणि मॅनेजरांना परत दिलास. आमच्या शाळेत असं इंग्रजी लिहिणारा पास झाला नसता, म्हणालास. त्यावरही आम्ही हसलो. त्या हसण्याची मला आता शिसारी येते. दर हसण्याबरोबर त्या ऑफिसात तुझ्याबद्दल एक गोष्ट पक्की होत गेली, आणि जूनमध्ये ती तयारच होती.

पण जूनकडे जायच्या आधी तुझ्या त्या कडू बीचं सांगतो, नाहीतर माझं डोकं फक्त तापतच राहील.

सुट्टीवरून येताना तू ओल्या पानांत गुंडाळून कोला आणला होतास. मोठ्या बोरापेक्षा जरा मोठी, गुलाबी कडू बी. पाहुण्याला तुमच्याकडे आधी ती देतात. तू माझ्या खोलीवर आलास, मी पुढच्या वर्षी चाळीस पूर्ण करणार म्हणून वयाने मोठा, तेव्हा बी माझ्या हातात ठेवलीस आणि डोळे मिटून उभा राहिलास. आता मी कोकणातला माणूस. माझ्या हातावर कोणी असलं काही ठेवलं तर मी काय करणार? ट्रंकेतून अडकित्ता काढला आणि सुपारी कातरावी तशी बारीक कातरली. तू डोळे उघडलेस आणि तुझा चेहराच पडला. ती बी हाताने तिच्या नैसर्गिक फोडींवर उकलायची असते, फोडी मोजायच्या असतात, चार निघाल्या तर शुभ, आणि त्याआधी वयाने मोठ्या माणसाने तिच्यावर प्रार्थना म्हणायची असते. मी तिचा चुरा केला होता. आमच्या गावात असतास तर म्हाताऱ्यांनी तुला अंगणाबाहेर काढलं असतं, असं तू म्हणालास, आणि मग त्यातला एक तुकडा तोंडात टाकून इतका वेळ हसलास की शेजारचे केरळी दार उघडून बघायला आले.

दुसरी बी तू स्वतः उकललीस. तुझ्या भाषेत पाच-सहा मिनिटं काहीतरी म्हणत होतास, अगदी हळू. त्यात माझं नाव दोनदा आलं. मी म्हटलं, इंग्रजीत म्हण की, मलाही कळू दे. हे इंग्रजीत म्हणत नाहीत, एवढंच तू म्हणालास. त्या प्रार्थनेत माझ्यासाठी काय मागितलं होतंस, ते मला आता कोण सांगणार?

एक भांडण अर्धवट राहिलंय आपलं. आमच्या घरात एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. माझ्या काकाने तरुणपणी मुंबईत मद्राशी लोकांविरुद्ध घोषणा दिल्या, पोरांबरोबर एक इडलीचं हॉटेल फोडलं आणि पळताना चपला घ्यायच्या सोडून सांबाराचं पातेलं घेऊन आला. लग्नकार्यात ही गोष्ट निघाली की सगळे पोट धरून हसतात. तुला मी ती अशीच रंगवून सांगितली. तू विचारलंस, त्या हॉटेलवाल्याने काय केलं होतं? मी म्हटलं, काही नाही रे, तेव्हा ते लोक सगळ्या नोकऱ्या खातात असं वातावरण होतं. तू उठून बाहेर गेलास.

मग कळलं. तुझे वडील नायजेरियाच्या उत्तरेकडे रेल्वेत कारकून होते. तिथेही वातावरण होतं. हे इग्बो सगळ्या नोकऱ्या खातात, हे आपल्याच माणसांना लावून घेतात. असं तिथले लोक वर्षानुवर्षं बोलले आणि मग एक दिवस घराघरात शिरले. तू तेव्हा सहा वर्षांचा. आई तुम्हा भावांना घेऊन गावी पोचली, वडील पोचले नाहीत. त्यांचा देहही आला नाही. तू हे सांगताना आवाज चढवला नाहीस आणि माझ्या काकाबद्दल एक शब्द बोलला नाहीस. पण मी पडलो वाद घालणारा. थोड्या महिन्यांनी तू त्या उत्तरेकडच्या लोकांबद्दल म्हणालास, ते लोक तसेच आळशी आणि रानटी. मी लगेच पकडलं, आता कसं तूही बोललास? मग म्हणालास, "बरोबर आहे तुझं. पण माझं उत्तर आहे. उद्या देतो." त्या उद्याची मी अजून वाट बघतोय. मी तो मुद्दा जिंकलो होतो आणि ज्याच्या बापाचं प्रेत मिळालं नाही त्याच्यासमोर जिंकलो होतो. थू माझ्या जिंकण्यावर.

आता जून.

सलमाबादच्या बाजूला आपल्या कंपनीचा लेबर कॅम्प. एका खोलीत आठ माणसं, वर पत्रा, आणि विंडो एसी निम्म्या खोल्यांत बंद. ऑफिसला अर्ज गेले की उत्तर यायचं, बजेट नाही. इकडे स्क्रॅप यार्डात कंडेम केलेल्या एसींचा ढीग, त्यातल्या फॅन मोटर, थर्मोस्टॅट धडधाकट. मे महिन्यात तू माझ्या खिडकीशी आलास आणि म्हणालास, शुक्रवारी यार्डाची चावी दे. मी म्हटलं, लेखी परवानगी? तू खिडकीतून नुसता हात पुढे धरलास. मी चावी दिली. पुढचे सात शुक्रवार तू सकाळी चर्चला, इथे तेही शुक्रवारीच, जाऊन आलास की यार्डात, तिथून ऑफिसातल्या हमीदभाईंच्या गाडीने कॅम्पवर. ओनित्शात मामाने ज्या कामासाठी हाकललं, तेच काम. एका पैशाचा फायदा नाही, वर बनियन घामाने पिळून काढायचास.

पण मी स्टोअरकीपर. नोंद केल्याशिवाय माझ्याच्याने खिळा बाहेर जात नाही. कंपनीच्या रजिस्टरात लिहिणं शक्य नव्हतं, म्हणून माझ्या खिशातल्या डायरीत लिहिलं. अमुक खोली, फॅन मोटर एक. तमुक खोली, थर्मोस्टॅट एक, मोटर एक. तू दर शनिवारी सकाळी येऊन मला खोल्यांचे नंबर सांगायचास आणि माझ्या त्या डायरीची टिंगल करायचास.

जूनअखेर स्क्रॅप लिलावासाठी मोजलं गेलं आणि सतरा मोटर कमी भरल्या. मॅनेजरांनी क्षणभरही विचार केला नाही. त्यांचं वाक्य ठरलेलं होतं, "बाजारात विकल्या असणार. त्या लोकांचा धंदाच तो." चौकशीला तीन खुर्च्या मांडल्या. मधे मॅनेजर, एका बाजूला मी, एका बाजूला तू. तू सांगितलंस, मोटर कॅम्पमध्ये बसवल्यात, गाडी काढा, आत्ता दाखवतो. अर्ध्या तासाचा रस्ता. गेले नाहीत. "दोन बसवल्या असतील आणि पंधरा विकल्या असतील," म्हणाले. माणूस इग्बो आहे हे एकदा कळलं की जाऊन बघायची गरजच उरत नाही, इतकं ते सोपं होतं. मग माझ्याकडे वळले. चावी तुमच्याकडे असते, हा यार्डात काय करायचा, तुम्हाला माहीत होतं?

डायरी माझ्या शर्टाच्या खिशात होती. छातीला लागत होती. आणि मॅनेजरांच्या टेबलावर, पेपरवेटखाली, मीनाच्या फॅमिली व्हिसाचा फॉर्म होता. चार वर्षं बायको गुहागरला आणि मी इथे. त्यांची एक सही बाकी होती.

मी म्हणालो, "मी त्याला कधी विचारलं नाही."

तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं, आता तू म्हणशील की याला सगळं ठाऊक आहे, याच्या खिशात बघा. मी तर मनात तयारीही केली होती, तू माझं नाव घेतलंस की मी तुझ्यावर चिडणार आणि मग सगळं कसं सोपं होईल. पण तू म्हणालास, "खरं आहे. माझा पाना आत राहिलाय असं सांगून मी चावी न्यायचो."

का बोललास असं? कोणी सांगितलं होतं तुला मला वाचवायला? मला याचा इतका राग येतो, एमेका, की तू समोर असतास तर तुझी कॉलर धरली असती. तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी आज झोपू शकलो असतो.

तुला पत्र मिळालं. कंपनीचा माल विकल्याच्या संशयावरून करार समाप्त, ऑगस्टअखेर परत जायचं, तोवर काम चालू. पीक सीझनला टेक्निशियन लागतात ना, चोर असला तरी. माझ्या फॉर्मवर त्याच आठवड्यात सही झाली. मी तुला टाळायला लागलो. खिडकीशी आलास की मी मागच्या रॅकमध्ये काहीतरी शोधायचो. आणि तू, निर्लज्जा, जुलैत मीना यायच्या आदल्या शुक्रवारी माझ्या खोलीवर आलास, हातात हत्यारांची पेटी. म्हणालास, पहिल्यांदा येतेय ती, तुझा एसी आवाज करतो, तिला झोप लागणार नाही. दोन तास खपलास. मी पाणीसुद्धा विचारलं नाही. खरं तर मला तेव्हाच बोलायचं होतं. तोंड उघडलं, आणि विचारलं काय, तर गॅस भरावा लागेल का.

मीना आल्यावर तू एकदा तिला भेटायला आलास. तिने तुला चहा दिला, सोबत गावचे खाज्याचे तुकडे. तू तिला गुहागरच्या समुद्राबद्दल विचारत होतास, ती मोडक्या हिंदीत सांगत होती. मी आत बाथरूममध्ये उगाच नळ सोडून उभा होतो.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास तू एका बँकेच्या गच्चीवर काम करताना पडलास. हार्ट म्हणाले. ऑगस्टचं ऊन म्हणाले. छत्तीस वर्षांच्या माणसाचं हृदय काय उगाच थांबतं?

कागद करायला हमीदभाईच होते. कंपनीची सगळी सरकारी कामं तेच करतात, दापोलीकडचे, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. दूतावास, शवागार, विमान, सगळीकडे आठवडाभर तेच धावले. शोकसभा झाल्यावर मला जिन्यात गाठून म्हणाले, "माझीच गाडी जायची कॅम्पात. चौकशीच्या वेळी मी सुट्टीवर गावी होतो, मला कोणी विचारलान नाय. पण तुला तर सगळा म्हाईत होता. त्या दिवशी तोंडात काय मिठाची गुळणी धरलेलीस?" मी म्हटलं, मीनाचा व्हिसा होता. ते जिना उतरून गेले.

मी मग मॅनेजरांकडे गेलो. डायरी टेबलावर ठेवली. ते समाप्तीचं पत्र तुझ्या फाईलबरोबर घरी जाणार होतं, म्हटलं ते मागे घ्या, हे बघा खोल्यांचे नंबर. त्यांनी दोन पानं चाळली आणि मराठीत म्हणाले, "अहो, माणूसच खलास झाला, आता कशाला? आणि हे तुम्ही तेव्हा दाखवलं नाहीत, म्हणजे तुमचीही नोकरी गेली असं समजू का मी?" मी म्हटलं, समजा. आवाज चढला होता माझा, बाहेर सगळ्यांनी ऐकला. ते गडबडले, म्हणाले, बघू, बसा. काढलं नाही मला अजून. पत्रही बदललं नाही. दोन महिन्यांपूर्वी मी असा ओरडलो असतो तर तू ऐकलं असतंस.

सोमवारी तुझ्या थोरल्या भावाचा फोन आला. तोच मोठा आवाज, तुझ्यासारखाच. आधी देहाबद्दल बोलले. वडिलांना आणता आलं नाही, याला आणायचंच, वडिलांच्या अंगणात ठेवायचं. मग विचारलं, बहरीनहून कोण येणार? मला प्रश्नच कळला नाही. त्यांनी समजावून सांगितलं. तुमच्याकडे माणूस जिथे जिथे राहिला, राबला, तिथून कोणीतरी दफनाला येतं. सगळ्या भाऊबंदांपुढे उभं राहून सांगतं, हा आमच्यात असा वागला. तेवढ्यासाठी गाव थांबतं. जिथून कोणी येत नाही, तिथे तो कसा जगला याबद्दल लोक कुजबुजतात, आणि त्याच्या मुलांना ती कुजबुज आयुष्यभर पुरते. आणि कंपनीचं ते पत्र तर आधीच फॅक्सने पोचलं होतं.

मी म्हटलं, येणारं कोणी नाही.

ते म्हणाले, "एमेकाने जूनमध्ये पत्र लिहिलं होतं. माझ्यावर आळ आलाय, चौकशी व्हायची आहे, पण काळजी करू नका, इथे स्टोअरमध्ये एक माणूस आहे, त्याला सगळं माहीत आहे, तो बोलेल. ते तुम्हीच ना?"

मी हो म्हणालो.

"मग तुम्ही तिथे जे बोललात तेच लिहून पाठवा. शवपेटीबरोबर द्या. मी सगळ्यांसमोर वाचतो."

जे बोललात तेच. लाइन चांगली होती, एकेक शब्द स्वच्छ ऐकू आला.

उद्या तुझी पेटी निघतेय. आज शुक्रवार, जेवण झाल्यावर मी इंग्रजीत पत्र लिहायला बसलो. सात शुक्रवार लिहिले, खोल्यांचे नंबर लिहिले, डायरीची पानं फाडून जोडली. त्या खोल्यांतून आज किती माणसं झोपतात तेही लिहिलं. मेहनती लिहिलं नाही, हुशार लिहिलं नाही, इग्बो हा शब्दच आणला नाही. मामाच्या दुकानाचंही लिहिलं, तुझे भाऊबंद हसतील तर हसू देत. मग चौकशीचं आलं. मी काय म्हणालो ते लिहिलं आणि पुढे एक ओळ लिहिली, त्या वेळी माझ्या पत्नीच्या व्हिसावर सही बाकी होती.

मीनाला सगळं मराठीत वाचून दाखवलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने विचारलं, "म्हणजे मी त्यांना चहा देत होते, तेव्हा हे झालेलं होतं?"

मी म्हटलं, हो.

"माझ्यासाठी केलंत असं लिहू नका. मला कळवलं असतंत तर मी तिकडेच राहिले असते. चार वर्षं राहिले होतेच की." एवढं बोलून ती भांडी घासायला गेली.

मी ती व्हिसाची ओळ खोडली. दिसू नये म्हणून पूर्ण काळी केली. आता तुझ्या वडिलांच्या अंगणात एवढंच वाचलं जाईल, की या माणसाला सगळं माहीत होतं, त्याला विचारलं गेलं आणि त्याने सांगितलं नाही. त्याखाली मी माझं पूर्ण नाव लिहिलं आणि सही केली.